बेरिया कॉलेजची कामाची यादी

(‘कमवा व शिका’ योजनेतल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मुलांनो, मी कॉलेजात असताना वसतिगृहाच्या मेसमध्ये वाढपी होतो. दोन्ही वेळा पंगतीला वाढायचं, नंतर ताटं घासायची. त्या बदल्यात जेवण फुकट आणि फी माफ. कामाचं मला काही वाटत नव्हतं, घरी यापेक्षा जास्त केलं होतं. त्रास व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. सकाळी ज्याच्या शेजारी बसून मी गणितं सोडवलेली असायची, तो दुपारी मी वरणाची बादली घेऊन समोर आलो की वाटीकडे बोट दाखवायचा. नाव घ्यायचा नाही. तो मुलगा वाईट नव्हता. वसतिगृहात काम करणारे आम्ही नऊ जण होतो आणि बाकीचे सगळे जेवणारे. अशी रेघ एकदा आखली गेली की चांगली मुलंसुद्धा रेघेप्रमाणेच वागतात. मी स्वतःही तसाच वागायला लागलो. वर्गात मागे बसायचो, उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी अमेरिकेतल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजविषयी वाचलं. त्या कॉलेजनं ही रेघच पुसून टाकली होती. त्यानंतर मी त्याचा पिच्छा सोडला नाही, मिळेल ते वाचत गेलो. आज तुमच्यासमोर त्याविषयीच बोलणार आहे.

केंटकी नावाच्या राज्यात, लेक्सिंग्टन शहराच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, जिथे सपाट कुरणं संपतात आणि अ‍ॅपलेशियन डोंगरांचे पायथे सुरू होतात, तिथे बेरिया नावाचं गाव आहे. कॉलेजचं नावही बेरिया. विद्यार्थी सुमारे दीड हजार. प्रवेशाची अट आपल्याला उलटी वाटेल अशी आहे: घरची परिस्थिती बेताची असली तरच प्रवेश. आणि १८९२ पासून तिथे कुणालाही शिकवणी फी भरावी लागलेली नाही. त्या बदल्यात प्रत्येकानं आठवड्याला निदान दहा तास कॉलेजचं काम करायचं. प्रत्येकानं म्हणजे खरोखर प्रत्येकानं. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, फरशी पुसणं, प्रयोगशाळेची मांडणी, शेतावरची कामं, कार्यालयातले हिशेब, हातमाग, सुतारकाम, सगळं त्यात येतं. कॉलेजचं स्वतःचं एक हॉटेल आहे, १९०९ पासूनचं. तिथे तुमचं सामान खोलीत नेऊन ठेवणारा मुलगा बहुधा रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असतो. १९२० पासून तिथे झाडू बनवले जातात, हातानं बांधलेले, रंगीत दांड्यांचे, आणि लोक ते हौसेनं विकत नेतात. या कामाचे थोडे पैसेही मिळतात.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्या. गरीब मुलांना काम देऊन शिकवणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. तुम्ही ज्या योजनेत आहात ती त्याच मुळातून आलेली आहे. पण पुढे आपल्या बऱ्याच महाविद्यालयांत असं झालं की ‘कमवा व शिका’ हा काही जणांचा वेगळा गट झाला. बागेत पाणी घालणारी मुलं कोण हे सगळ्यांना ठाऊक. बेरियात हातात झाडू दिसला म्हणून कुणाची परिस्थिती कळत नाही, कारण झाडू सगळ्यांच्याच हातात असतो. काम ही गरिबीची खूण राहत नाही. आणि खूण गेली की त्या मुलाकडे बघायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. तो बोलतो कसा, त्याला काय येतं, तो हसतो कशाला, असं काहीतरी. मला वर्गमित्रानं ‘वाढपी’ म्हणून ओळखलं, कारण त्याला माझ्यात पहिल्यांदा दिसायला तेवढंच होतं.

आता या नावाविषयी. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात याच नावाचं एक प्राचीन गाव येतं, मराठी बायबलात त्याला बिरुया म्हटलं आहे. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा मोठा प्रचारक पौल तिथे उपदेश करायला गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचं म्हणणं उत्सुकतेनं ऐकून घेतलं, आणि मग रोज शास्त्र उघडून पडताळून पाहिलं की हा सांगतो ते खरं आहे का. प्रत्यक्ष पौलाचं बोलणं, तरीही पडताळून पाहिलं! याच अध्यायात पुढे अथेन्समध्ये पौल म्हणतो की देवानं सगळी मानवजात एकापासून निर्माण केली. जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘एकाच रक्तापासून’ असा शब्द आहे, आणि ते वाक्य या कॉलेजचं ब्रीद आहे. एकाच अध्यायातून त्यांनी नाव घेतलं ते स्वतः तपासून पाहणाऱ्यांचं आणि ब्रीद घेतलं ते सगळ्यांच्या एकपणाचं. मला या निवडीचं फार अप्रूप वाटतं.

निवडणारा माणूसही तसाच होता. जॉन ग्रेग फी. जन्म १८१६ चा, केंटकीतल्याच एका घरात, वडिलांच्या मालकीचे गुलाम होते. धर्मशिक्षण घेताना याची खात्री पटली की गुलामगिरी पाप आहे, आणि हे तो घरी येऊन बोलायला लागला. वडिलांनी वारसाहक्क काढून घेतला. पुढे कॅशियस क्ले नावाच्या जमीनदार पुढाऱ्यानं त्याला बेरियात जागा दिली. हाही गुलामगिरीविरोधी माणूस. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीचं जन्मनाव कॅशियस क्ले होतं ना, ते नाव मुळात याच माणसावरून त्याच्या वडिलांना ठेवलेलं होतं. असो. १८५५ साली फीनं तिथे एका खोलीची शाळा सुरू केली. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात, गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र शिकावं या इराद्यानं. १८५९ च्या डिसेंबरात साठेक हत्यारबंद लोक घोड्यांवरून गावात आले आणि फीच्या माणसांना बजावून गेले की दहा दिवसांत राज्य सोडा. ती माणसं गेली. गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत पेटलेलं यादवी युद्ध संपत आलं तेव्हा परतली आणि त्यांनी शाळा पुन्हा उघडली.

१८६६ साली तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात घेतलं. त्या दिवशी जवळजवळ निम्मी गोरी मुलं उठून निघून गेली. मी शिक्षक आहे, म्हणून या प्रसंगात मला कायम त्या खोलीतला मास्तर दिसतो. पोरं एकेक करून दप्तर उचलतायत, बाकं रिकामी होतायत, आणि तीन नवी पोरं हे सगळं बघत बसली आहेत. मास्तरनं त्या तिघांना ‘थोडे दिवस थांबा, वातावरण निवळू द्या’ असं म्हटलं असतं तर त्याला व्यवहारी म्हणून नावाजलं गेलं असतं. त्यानं तसं म्हटलं नाही. १८६६-६७ या वर्षाच्या पटावर १८७ विद्यार्थी होते, त्यात ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. गेलेल्यांपैकी काही जण परत आलेही. त्यानंतर पंचवीसेक वर्षं हे प्रमाण साधारण निम्मं-निम्मं राहिलं, तेही अमेरिकेच्या दक्षिणेत.

एवढ्यावर थांबलो तर मी तुम्हाला अर्धवट गोष्ट सांगितल्यासारखं होईल. १८९२ साली विल्यम गुडेल फ्रॉस्ट कॉलेजचे अध्यक्ष झाले. फीमाफीची व्यवस्था आली ती याच काळात, कॉलेज वाढलं तेही याच काळात. फ्रॉस्ट यांचा जीव डोंगरातल्या गरीब गोऱ्या कुटुंबांवर होता. ती माणसं खरोखर उपेक्षित होती, शाळा नाहीत, रस्ते नाहीत, आणि शहरातले लोक त्यांच्या बोलीला हसत. फ्रॉस्ट यांनी त्यांच्या बायकांनी मागावर विणलेल्या चादरी फीपोटी घ्यायला सुरुवात केली, त्या हस्तकलेला बाजार मिळवून दिला. हे मोठं काम होतं. पण एका उपेक्षिताला जवळ करताना दुसरा बाजूला सरकला. कॉलेजातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण घसरत गेलं. हे कुठल्याही कायद्यानं केलेलं नव्हतं, कॉलेजनं आपण होऊन केलं. आपल्याकडे संस्था चालवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा असं मला वाटतं.

कायदा नंतर आला. १९०४ साली कार्ल डे नावाच्या आमदारानं केंटकीच्या विधिमंडळात एक विधेयक आणलं की गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एका संस्थेत शिकवता येणार नाही. राज्यात असं एकच कॉलेज होतं, त्यामुळे नाव न घेताही सगळ्यांना कळलं की हा कायदा कुणासाठी आहे. त्यात अशीही तरतूद होती की संस्थेला वेगळी शाखा काढायची असेल तर ती निदान पंचवीस मैल लांब असावी. कॉलेज कोर्टात गेलं. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी कायदा कायम केला. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. तेही केंटकीचेच, तेही गुलाम बाळगणाऱ्या घरातले. कॉलेजनं मग पैसे उभारून कृष्णवर्णीय मुलांसाठी दूर लिंकन इन्स्टिट्यूट काढलं, १९१२ साली. पण स्वतःच्या आवारात ती मुलं उरली नाहीत.

कायद्याच्या एकच वर्ष आधी, १९०३ साली, कार्टर वुडसन नावाचा तरुण बेरियातून पदवी घेऊन बाहेर पडला. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला, वीस वर्षांचा होईपर्यंत हायस्कूलमध्येही गेलेला नव्हता. पुढे त्यानं हार्वर्डमधून डॉक्टरेट घेतली आणि १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिनाभर जो साजरा होतो, त्याची सुरुवात ती. वुडसनला एक वर्ष उशीर झाला असता तर त्याला त्या फाटकातून परत जावं लागलं असतं. १९५० साली कायद्यात बदल झाला आणि बेरियानं पुन्हा दार उघडलं. मधे ४६ वर्षं गेली होती. त्या ४६ वर्षांत किती वुडसन आले नाहीत, हे कुठल्याच पटावर लिहिलेलं नसतं.

मघाशी मध्यंतरात एका मुलीनं मला विचारलं, की सगळ्यांनी तेच काम करायचं, एकत्र प्रार्थनागृहात बसायचं, एकत्र डोंगरावर जायचं, मग माणूस वेगळा कसा राहील? (डोंगराचं मी तिला सांगितलं होतं. ऑक्टोबरात एक दिवस सगळे तास बंद ठेवून अख्खं कॉलेज जवळच्या डोंगरावर चढतं, काही जण पहाटेच्या अंधारातच निघतात.) प्रश्न खरा आहे. आपल्याकडे ‘सामूहिक जीवन’ म्हटलं की एकसारखा गणवेश आणि एका सुरातली घोषणा आठवते, त्यामुळे ती भीती रास्तच आहे. ख्रिस्ती संस्था म्हटली की भीती आणखी वाढते, की इथे विशिष्ट गोष्ट मानावीच लागेल.

संस्थापक जॉन फीचं म्हणणं वेगळं होतं. त्याला ख्रिस्ती पंथांचे आपापसातले तटच मान्य नव्हते, म्हणून त्यानं कॉलेज कुठल्याही पंथाला बांधलं नाही. आज तिथे इतर धर्मांची मुलं आहेत, कुठलाच धर्म न मानणारीही आहेत. बेल हुक्स ही लेखिका २००४ पासून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे होती. तीही केंटकीचीच मुलगी. तिनं आपल्या पणजीचं नाव लेखनासाठी घेतलं आणि इंग्रजीत ते कायम लहान अक्षरांत लिहिलं. कृष्णवर्णीय, स्त्रीवादी, बुद्धाच्या विचारांनीही प्रभावित झालेली ही बाई, देशात कुठल्याही मोठ्या विद्यापीठात राहू शकली असती. ती डोंगरपायथ्याच्या या छोट्या ख्रिस्ती कॉलेजात आली आणि तिथे तिला आपल्यासारखं राहता आलं.

आणि कामाचंच घ्या. पहिल्या वर्षाला काम बहुधा नेमून दिलेलं असतं. जे मिळेल ते करायचं. पण दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थी स्वतः अर्ज करतो. ज्याला लाकडाची आवड लागली तो सुतारकामात, जिला आकडे आवडतात ती हिशेबात. काही मुलं चार वर्षं एकाच ठिकाणी टिकतात आणि शेवटी नव्या मुलांना तीच शिकवतात. कामाचं मूल्यमापन होतं, अभ्यासासारखंच, आणि त्याची नोंद राहते. म्हणजे नेमून दिलेल्या कामातून मुलाला आपलं काय आहे हे सापडावं, यासाठी वाट मोकळी ठेवलेली आहे. मी मेसमध्ये तीन वर्षं होतो. पहिल्या दिवशी हातात बादली दिली ती शेवटच्या दिवशी परत घेतली. माझं गणित चांगलं होतं. मेसचा हिशेब दर महिन्याला चुकायचा, त्यावरून भांडणं व्हायची, आणि मी शेजारी ताटं घासत ते ऐकायचो. मला कुणी विचारलं नाही. मीही म्हणालो नाही, कारण वाढप्यानं असं काही म्हणायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

येताना तुमच्या वसतिगृहाच्या फळ्यावर कामाची यादी पाहिली. नाव, वार, काम आणि सही, असे चार रकाने आहेत. यादीत फक्त योजनेतली मुलं आहेत, फी भरणारी नाहीत. रेक्टर सरांशी मी त्याविषयी जेवताना बोललो आहे, ते विचार करतो म्हणाले. दुसरी गोष्ट मात्र तुम्ही आज रात्रीच करू शकता. त्या फळ्यावर उजव्या बाजूला वीतभर जागा मोकळी आहे. तिथे पाचवा रकाना आखा आणि प्रत्येकानं आपल्या नावासमोर लिहा, मला काय येतं.