मागच्या डोंगराचा पाय पुसा! | सह्याद्री जलरंगात

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला, ट्रेकचे फोटो यायला लागले, आणि कमेंटमध्ये पुन्हा तोच प्रश्न: "डोंगर काढतो, पण सगळे एकावर एक चिकटवल्यासारखे दिसतात. लांबचा लांब जातच नाही." आज फक्त तेवढंच बघू.

सामान पटकन उरकतो. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद, दोन पोस्टकार्डांएवढा, चारही बाजूंनी मास्किंग टेप लावून पुठ्ठ्यावर. १० नंबरचा गोल ब्रश, एक इंची चपटा ब्रश, जुनं सुती फडकं. पाण्याच्या दोन बाटल्या, आणि प्यायची तिसरी. ती लांब ठेवा, रंगवताना कुणाचं लक्ष नसतं. रंग चार: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), सॅप ग्रीन (हिरवा). "अठरा रंगांची पेटी चालेल का?" चालेल, चौदा झाकून ठेवा.

आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, तुम्हाला येतो. तो देऊन पूर्ण सुकू द्या.

आता दृश्य. कळसूबाईचा माथा, १६४६ मीटर, तोंड पश्चिमेला. समोर अलंग, मदन, कुलंग हे तीन डोंगरी किल्ले. अलंग जवळ, मदन मध्ये, कुलंग सगळ्यात मागे. म्हणजे आपल्याला हव्या तशा तीन पायऱ्या निसर्गानेच मांडून ठेवल्यात.

आणि कृपा करून त्रिकोण काढू नका! शाळेतल्या चित्रातला तो त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य... आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. सपाट माथा, खाली उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. जिन्यासारखा. बाह्यरेषा एवढी जरी पकडली तरी बघणारा म्हणतो, हा आपला डोंगर.

बरं, मुख्य गोष्ट. डोंगराची वरची कड स्पष्ट, खालची कड विरलेली. तुमच्या चित्रात दोन्ही कडा सारख्या कडक असतात, म्हणून डोंगर कात्रीने कापून डकवल्यासारखा दिसतो.

(क्लोज-अप, हात आणि कागद)

पुठ्ठा किंचित तिरपा ठेवा, खाली एक काडेपेटी सरकवली की पुरे. कुलंगसाठी अल्ट्रामरीन, त्यात बर्न्ट सिएना नावापुरता. दाटपणा कोऱ्या चहाइतका. कोरड्या कागदावर माथ्याची रेघ भरल्या ब्रशने ओढा आणि रंग खाली आणा, डोंगराच्या निम्म्या उंचीपर्यंत. थांबा. ब्रश धुवा, फडक्यावर एकदा टेकवा. एकदाच. आता रंग जिथे संपला त्याच्या अर्धा सेंटीमीटर खाली, कोऱ्या कागदावर, हा ओलसर ब्रश आडवा फिरवा आणि वर नेत रंगाच्या कडेला नुसता शिवा. पुढचं काम रंग करतो, तो आपणहून खाली उतरून विरतो. तुम्ही घासत बसू नका.

हेच आता चुकांच्या बाजूने बघू. ब्रश टिपलाच नाही, तर त्यातलं जास्तीचं पाणी वर चढतं, रंग ढकलतं आणि सुकल्यावर कोबीच्या पानासारखी कड उमटते. पाणी नेहमी जास्त ओल्याकडून कमी ओल्याकडे धावतं, एवढं लक्षात ठेवा. ब्रश फार कोरडा केला, तर तो रंग पितो, पट्टे पडतात. आणि उशीर केला, कागदाची चकाकी गेली, तर कड बसली. मग ती पुसायला जाऊ नका, कागदाचा लगदा होतो. उन्हात, वाऱ्यावर चकाकी मिनिटभरात जाते. दमट दिवसात बराच वेळ टिकते. म्हणून घड्याळ बघू नका, कागद तिरका धरून चकाकी बघा.

आणि तिसऱ्या बाजूने: हे करायचंच कशाला? थंड हवा रात्री दरीत उतरते, सकाळी धुकं तिथेच साचलेलं असतं. माथा मोकळा, पायथा गडप. शिवाय चित्राच्या हिशेबाने, मदनचा माथा कुलंगच्या पायथ्यावर येतो. पायथा फिका असेल तरच त्यावर गडद माथा उठून दिसणार. मागच्याचा पाय पुसा, म्हणजे पुढच्याचं डोकं दिसतं.

मदन रंगवण्याआधी बोटाची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर अजून ओल आहे. थांबा. मदनचा रंग दुधाइतका दाट, सिएना थोडा वाढवून. अलंगला पातळ पिठल्याइतका, त्यात ऑकर आणि सॅप ग्रीनचा पहिला थेंब. त्याआधी हिरवा नाही! लांबच्या डोंगरावरही झाडी आहे हे मान्य, पण मधल्या हवेने ती निळसर केलेली असते. हिरव्यात पाणी वाढवून डोंगर लांब जात नाही, फक्त फिकट हिरवा होतो. आणि जवळचं गवत करतानासुद्धा सॅप ग्रीन थेट ट्यूबमधून नको, प्लॅस्टिकचं दिसतं. चार भाग हिरव्याला एक भाग सिएना.

"धुक्यासाठी पांढरा रंग लावला तर?" दर व्हिडिओखाली कुणीतरी विचारतंच. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. वरून पोस्टर कलरचा पांढरा फासला की धुकं नाही, चुना दिसतो.

"फोटोवरून काढू का?" काढा, पण फोन बऱ्याचदा कॉन्ट्रास्ट वाढवून लांबचे डोंगर गडद करतो. म्हणून माथ्यावरच पेन्सिलने तीन चौकटी करा आणि कुठला डोंगर किती गडद, ते १ ते ५ आकड्यात लिहा. घरी गेल्यावर आकड्यांवर विश्वास ठेवा, फोटोवर नाही.

राहिला हेअर ड्रायर. चकाकी असेपर्यंत लावू नका, हवा ओला रंग ढकलते आणि विरलेली कड पुन्हा कडक होते. चकाकी गेल्यावर, हातभर लांबून, खुशाल.