वेल्लोरचा रस्त्यावरचा दवाखाना

हा जो रस्ता दिसतोय तो तमिळनाडूतला, वेल्लोरहून गुडियात्तमला जाणारा. आज इथं बसेस आहेत, रिक्षा आहेत, पण १९०६ च्या सुमाराला याच वाटेनं एक अमेरिकन डॉक्टरीणबाई बैलगाडीतून जायच्या. डॉ. आयडा स्कडर.

जन्म इथलाच, राणीपेटचा, १८७० चा. आजोबांपासून घरात मिशनरी डॉक्टरांची परंपरा, पण आयडाबाईंना त्यात अजिबात पडायचं नव्हतं. मग तिंडीवनमला एका रात्री तिघं जण एकामागून एक दारात आले, तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या, आणि पुरुष डॉक्टर तिघांनाही नको. वडील डॉक्टर घरातच होते बरं का! सकाळपर्यंत तिघी गेल्या.

आयडाबाई अमेरिकेत गेल्या आणि आधी पेनसिल्व्हेनियाच्या त्याच बायकांच्या कॉलेजात शिकल्या जिथून १८८६ ला आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या, मग कॉर्नेलला जाऊन १८९९ ला डिग्री घेतली. न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या बँकरनं बायकोच्या स्मरणार्थ १०,००० डॉलर दिले, त्यातून १९०२ ला वेल्लोरात ४० खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं.

पण खरी गंमत हॉस्पिटलच्या बाहेर, या रस्त्यावर. गुडियात्तमला ठरलेल्या दिवशी जायचं, तर वाटेतच लोक गाडी अडवायचे, कुणाचे डोळे आलेले, कुणाची जखम चिघळलेली, कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर. मग थांबायच्या जागाच ठरून गेल्या, झाडाची सावली बघून. औषधाच्या बाटल्या गाडीतून खाली, जखमा तिथंच धुवायच्या, पट्टी बांधायची, की पुढचं झाड. १९०९ ला एका सिलिंडरची प्यूजो मोटार आली, ती बघून आधी लोक घाबरून पळायचे, नंतर तिचीच वाट बघत बसायचे. आता मिशनरी म्हटल्यावर औषधाबरोबर बायबलही यायचंच, तो वेगळा विषय आहे, आत्ता त्यात शिरत नाही.

एकटीनं किती गावं करणार? म्हणून त्यांनी मुलींसाठीच मेडिकल स्कूल काढायचं ठरवलं. मद्रासचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख, म्हणाले, सहा मुली मिळाल्या तर काढा, म्हणजे मिळणारच नाहीत असं धरूनच. १९१८ ला स्कूल सुरू झालं तेव्हा कितीतरी जणींना नाही म्हणावं लागलं. आणि पहिल्या परीक्षेचा निकाल काय, तर मद्रास इलाख्यात परीक्षेला बसलेल्या पुरुषांमध्ये पाचातला एक पास आणि आयडाबाईंच्या चौदाच्या चौदा पोरी पास! या जुन्या फोटोत पांढऱ्या साड्यांमध्ये उभ्या आहेत ना, त्या पहिल्या बॅचमधल्या काही जणी. यातली प्रत्येक जण म्हणजे कुठल्या तरी गावातल्या अडलेल्या बाईला मिळालेली डॉक्टर.

पुढचं भराभर सांगतो. १९४२ ला एमबीबीएस सुरू झालं, १९६० ला कोडाईकॅनलला वयाच्या ८९ व्या वर्षी आयडाबाई गेल्या, आणि त्यांचं ते स्कूल म्हणजे आजचं सीएमसी, ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, वेल्लोर. मुलग्यांना तिथं डॉक्टरकीला ॲडमिशन मिळायला मात्र १९४७ उजाडावं लागलं.