सही कुठे करायची, बाई?

[दृश्य : गोवंडी, मुंबई. महापालिकेच्या शाळेचं फाटक. सकाळचं सत्र सुटतंय, दुपारचं भरतंय. बाहेर आयांची गर्दी.]

निवेदन :
जून उजाडला की घरात कागद यायला लागतात. जन्मदाखला आणा, आधारची झेरॉक्स आणा, पासबुकाचं पहिलं पान आणा. हमीपत्रावर पालकांची सही, सहलीच्या संमतीपत्रावर सही, प्रगतिपुस्तकावर सही. मुंबई महापालिकेच्या शाळेत फी नाही, आणि दप्तर, गणवेश, वह्या धरून २७ वस्तू मुलांना फुकट मिळतात. ज्या आईला वाचता येत नाही, तिला कागद वाचून दाखवणारं माणूस मात्र त्या २७मध्ये नाही.

मग सही करतं कोण? पुष्कळ घरांत मोठी मुलगी. सातवीतली ताई तिसरीतल्या भावाच्या प्रगतिपुस्तकावर आईची सही करते. स्वतःच्याही प्रगतिपुस्तकावर तीच करते. वर्गातल्या बाईंना हे बहुधा ठाऊक असतं.

[दृश्य : लोकलमधून दिसणाऱ्या वस्त्या. पडद्यावर आकडे.]

निवेदन :
२०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची साक्षरता ८९ टक्के, उपनगर जिल्ह्याची जवळजवळ ९०. ऐकायला बरं वाटतं. पण दोन्ही जिल्ह्यांत मिळून लोक होते सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सात वर्षांवरच्या दहा लाखांहून जास्त माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शिवाय जनगणनेत विचारून नोंद होते, परीक्षा घेत नाहीत. जिला स्वतःचं नाव गिरवता येतं आणि बसचा नंबर ओळखता येतो, ती बाई साक्षरांत धरली गेली असण्याचीही शक्यता आहे.

[दृश्य : फोनचा पडदा. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप.]

निवेदन :
शाळेची सूचना आता फोनवर येते. बहुतेकदा हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो. टाइप केलेला मजकूर असता तर फोनकडून वाचून घेता आला असता. आवाजात पाठवली असती तर भाजी चिरताचिरता ऐकता आली असती. हस्ताक्षराच्या फोटोपुढे आई पुन्हा शेजारणीच्या दारात. तीच सूचना बाईंनी अर्ध्या मिनिटाच्या आवाजात पाठवली, तर सरकारी परिपत्रकाची वाट बघायला लागत नाही.

[दृश्य : पालकसभा. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.]

निवेदन :
पालकसभा सकाळी अकरा वाजता, कामाच्या दिवशी. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला खाडा पडतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बापाची दिवसाची मजुरी बुडते. मग शेरा पडतो : ‘पालक उदासीन.’

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. दिवसभर राबणाऱ्याला वेळ कधी मिळतो, एवढं त्यांनी पाहिलं. पालकसभेची वेळ ठरवताना तेवढं पाहिलं, तरी रिकाम्या खुर्च्यांतल्या कितीतरी भरतील.

[दृश्य : वस्तीतली बालवाडी, दुपार. मुलं घरी गेली आहेत. त्यांच्याच सतरंजीवर बायका बसल्या आहेत.]

निवेदन :
दुपारी दोन ते चार. सकाळची कामं उरकलेली, संध्याकाळची सुरू व्हायची आहेत. आयांचा वर्ग भरतो तो याच वेळेत.

इथे गमभनपासून सुरुवात करत नाहीत. मुलीचं नाव समीना असेल, तर आधी ‘समीना’. त्यात अक्षरं तीन : स, म, न. वर एक काना, एक दुसरी वेलांटी. एवढ्या भांडवलावर मन होतं, मान होतं, सीमा, मीना, सामान होतं. पहिल्याच आठवड्यात बाईला शब्द वाचता येतात, आणि सुरुवात तिच्या पोरीच्या नावाने झालेली असते. सगळी बाराखडी संपायची वाट बघायला लावली असती, तर निम्म्या जणी दिवाळीच्या आत गळाल्या असत्या.

अडचणी असतात, पण आपल्याला वाटतात त्या नव्हेत. चाळिशी आलेल्या काही जणींना अक्षर येत नाही असं वाटत राहतं. खरी गरज चष्म्याची असते. आणि एक मोठा प्रश्न लिपीचा. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत चालतात. लेक उर्दू शाळेत आणि आईचा वर्ग मराठीत, असं झालं तर आई साक्षर होते आणि शाळेचा कागद कोराच राहतो.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. मुंबईतल्या वस्त्या, नव्वदचं दशक.]

निवेदन :
मुंबईच्या वस्त्यांमध्ये हे काम नवं नाही. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथेच प्रौढ साक्षरतेच्या कामात होते. १९९५च्या सुमारास फरीदा लांबे यांच्यासोबत त्यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली, तेव्हा सुरुवात झाली बालवाड्यांपासून. मोठ्यांकडून लहानांकडे गेलेली ही वाट पुढे पुन्हा आयांकडे वळली.

राजस्थान आणि बिहारमधल्या ४८० वस्त्यांमध्ये ‘प्रथम’च्या कामाचा एक अभ्यास झाला; तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी आयांना लिहा-वाचायला शिकवलं. काही ठिकाणी मुलासोबत घरी करायचे छोटे उपक्रम दिले. काही ठिकाणी दोन्ही. आया सगळ्यात जास्त शिकल्या त्या दोन्ही मिळालेल्या ठिकाणी. मुलांचं गणित सुधारलं, पण थोडंच. वस्त्या खेड्यातल्या होत्या, हे खरं. तरीही ज्यांना वाटतं की आईला अक्षर आलं की पोर आपोआप हुशार होईल, त्यांनी हा ‘थोडंच’ नीट वाचावा. आईच्या वर्गाने शाळेचं काम संपत नाही.

सरकारचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे, पंधरा वर्षांवरच्यांसाठी. स्वयंसेवक शिकवतात. शेवटी चाचणी १५० गुणांची : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रमाणपत्र मिळतं, ते घरात मोठ्या कौतुकाने लावलंही जातं. आमच्या मते शहरातल्या वर्गांनी यात एक भर घालावी : शिकवायला शाळेचेच कागद घ्यावेत. वेळापत्रक, प्रगतिपुस्तक, हमीपत्र. कारण उद्या सकाळी तिच्या हातात तेच येणार आहे.

[दृश्य : भाजीची हातगाडी. आई मापं टाकतेय, मुलगा शेजारी वही घेऊन.]

निवेदन :
आणि अक्षर येईपर्यंत काय करायचं? वाट बघायची गरज नाही. पस्तीस रुपये पाव, तर तीन पावांचे किती? ‘एकशे पाच,’ आई मान वर न करता सांगते. मुलाच्या वहीत हेच उदाहरण आहे, फक्त तिला ते तिथे आहे हे कोणी सांगितलेलं नाही.

वाचनही ऐकून तपासता येतं. अक्षर, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. मुलं किती शिकली हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या ‘असर’ या पाहणीत मुलाचं वाचन याच चार पायऱ्यांवर बघतात. मूल अडखळतंय की सरळ वाचतंय, हे कानांना कळतं. वाचून झालं की विचारायचं, ‘मग काय झालं? सांग मला.’ गोष्ट सांगता आली तर समजली. नाही आली तर पोपटपंची.

[दृश्य : वर्गाचं दार. आई आणि शिक्षिका.]

आई : बाई, कशी आहे आमची?
शिक्षिका : ठीक आहे. घरी जरा लक्ष द्या.

निवेदन :
‘लक्ष द्या’ म्हणजे नेमकं काय, हे ना बाईंनी सांगितलं ना आईने विचारलं. आयांच्या वर्गात मग हेच विचारायचा सराव होतो.

आई : बाई, गोष्ट वाचते, की अजून अक्षर जोडूनच वाचते? आणि या महिन्यात किती दिवस बुडवली शाळा?

निवेदन :
या प्रश्नांची उत्तरं देणं ही मेहेरबानी नव्हे. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं, हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४मध्ये लिहिलेलं आहे.

[दृश्य : मुख्याध्यापकांची खोली. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक.]

निवेदन :
त्याच कायद्याचं कलम २१. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. म्हणून आया समितीत येतात. बैठकीत चहा होतो, विषय होतात, आणि शेवटी नोंदवही पुढे सरकते. बोट ठेवलेलं असतं, तिथे सही.

सदस्य आई : आधी वाचून दाखवा, सर. नळाचं बोललो ते आलंय का यात?

निवेदन :
नळाचं आलेलं नव्हतं. सरांनी पेन परत घेतलं. बैठक दहा मिनिटं लांबली.