खोटा हातमोजा

[पडद्यावर थांबवलेली चौकट]

जरा मागे घ्या. अजून थोडं. हं, इथे.

हे थॉरच्या बापाचं, ओडिनचं, कोठार. मार्व्हलचा चित्रपट 'थॉर', साल २०११. मागे सोन्याचा हातमोजा दिसतोय, सगळे खडे जागच्या जागी. बहुतेकांच्या नजरेतून तो सुटला. ज्यांच्या नजरेत भरला, त्यांनी अंगठा कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा बघून ठेवलं. हातमोजा उजव्या हाताचा.

[शेजारी दुसरी चौकट]

आणि हा २०१५ चा 'एज ऑफ अल्ट्रॉन'. श्रेयनामावली सुरू झालेली, अर्धे प्रेक्षक उठलेले. खलनायक थॅनॉस तसाच हातमोजा चढवतो. डाव्या हातात. खडा एकही नाही.

झालं, वादाला तोंड फुटलं. थॅनॉसने ओडिनचं कोठार फोडलं का? की हातमोजे दोन आहेत? कुणी म्हणालं, चूक आहे, सोडून द्या. त्यावर लगेच उत्तर आलं: सोडूनच द्यायचं, तर सगळ्या गोष्टी एकाच विश्वातल्या आहेत असं सांगून तिकिटं कशाला विकता? २०१७ च्या 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये थॉरची बहीण हेला त्याच कोठारातून चालत जाते, हातमोजा ढकलून पाडते, "खोटा" म्हणते आणि पुढे निघते. सहा वर्षांची सारवासारव एका शब्दात. चित्रगृहात तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल, ते सांगायला नको.

[वाचकांच्या पत्रांचं पिवळट पान, मग एक लिफाफा]

सिनेमाच्या कितीतरी आधीचं हे वेड. १९६० च्या दशकात मार्व्हलच्या कॉमिक्समधले नायक एकमेकांच्या अंकांत ये-जा करू लागले आणि वाचकांना चुका सापडू लागल्या. वाचक पत्रं धाडायचे, ती छापूनही यायची. संपादक स्टॅन ली यांनी त्यावर नामी शक्कल लढवली: 'नो-प्राइज'. पुढेपुढे त्यातली खरी मेख अशी झाली की नुसती चूक दाखवून भागायचं नाही. ती मुळात चूक नाहीच, हे पटवून द्यावं लागायचं. जमलं तर टपालाने हा लिफाफा यायचा. वर ठसठशीत अक्षरांत अभिनंदन आणि आत अस्सल नो-प्राइज असल्याची ग्वाही.

उघडून बघा. रिकामा.

कॅमेरा इथे जरा जास्तच रेंगाळलाय, आणि तो आम्ही मुद्दाम रेंगाळू दिलाय. विश्व कंपनीचं, त्याच्या भेगा बुजवणार वाचक, आणि मोबदला हा. चाहत्यांच्या वादाला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी हा लिफाफा एकदा हातात घ्यावा.

[कार्डांनी भरलेली भिंत]

आता ही भिंत. एका कार्डावर एक चित्रपट. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून २०१९ च्या 'फार फ्रॉम होम'पर्यंत २३ कार्डं. वरची रांग प्रदर्शनाच्या क्रमाने, खालची गोष्टीच्या क्रमाने. २०११ चा पहिला 'कॅप्टन अमेरिका' खाली थेट पहिला, कारण त्याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. २०१९ चा 'कॅप्टन मार्व्हल' त्याच्या शेजारी, कारण ती घडते १९९५ मध्ये.

नवख्या माणसाला कुठल्या रांगेने न्यायचं, यावर इथे आवाज चढतात. खालच्या रांगेने नेलं, तर गुप्तहेरांचा म्होरक्या निक फ्युरी 'कॅप्टन मार्व्हल'मध्ये आधीच ओळखीचा होतो. मग 'आयर्न मॅन'च्या अगदी शेवटी अंधारातून जो माणूस पुढे येतो, त्यात धक्का कसला उरला? आम्ही वरच्या रांगेचे.

हे कार्ड 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'चं. लाल पेनाने गोल केलेत ते शब्द चित्रपटातच झळकतात: 'आठ वर्षांनंतर'. 'अॅव्हेंजर्स'मधल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतर आठ. लढाई २०१२ ची, म्हणजे साल येतं २०२०. आधीच्या चित्रपटांचा हिशेब धरला, तर मध्ये जेमतेम चार वर्षं जातात. कुणीतरी बेरीज केलीच नाही. ती केली प्रेक्षकांनी.

कोण विश्वात आणि कोण बाहेर, हे पुष्कळदा गोष्टीवर ठरतच नाही, करारांवर ठरतं. मार्व्हल स्वतः चित्रपट काढू लागण्याआधीच स्पायडर-मॅन सोनीकडे आणि एक्स-मेन फॉक्सकडे गेले होते. २०१५ मध्ये सोनीशी समझोता झाला, तेव्हा कुठे स्पायडर-मॅन इकडे आला. प्रतिस्पर्धी कंपनी डीसीने २०१९ मध्ये 'जोकर' सरळ साखळीबाहेरच काढला.

या वादांतून कडवटपणाही निघाला. 'कॅप्टन मार्व्हल' प्रदर्शित होण्याआधीच त्याच्यावर इतकी चिखलफेक झाली, की त्याच सुमारास 'रॉटन टोमॅटोज' या परीक्षणांच्या संकेतस्थळाने प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंदच केल्या.

[एका माणसाच्या कपाळावरची जखम, अगदी जवळून]

आणि हे पोरकं कार्ड. 'द इनक्रेडिबल हल्क', २००८. पुढे हल्कचा नट बदलला, एडवर्ड नॉर्टन गेला, मार्क रफलो आला, आणि हा चित्रपट साखळीत धरायचा की नाही यावर वर्षानुवर्षं कीस काढला गेला. पण हा प्रसंग बघा. डॉक्टर स्टर्न्सच्या कपाळावरच्या जखमेत बॅनरच्या, म्हणजे माणसाच्या रूपातल्या हल्कच्या, रक्ताचे थेंब पडतात. कपाळ फुगू लागतं, आणि तो हसतो. इथे त्याची गोष्ट तुटली.

चाहते ती विसरले नाहीत. दर नव्या चित्रपटाला तोच प्रश्न: स्टर्न्सचं काय झालं? उत्तर २०२५ मध्ये आलं, 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये. तोच नट, टिम ब्लेक नेल्सन, त्याच भूमिकेत, सतरा वर्षांनी. 'इटर्नल्स'मध्ये समुद्रातून वर आलेला आणि नंतर कुणी फारसं नावही न काढलेला तो दगडी राक्षससुद्धा याच चित्रपटात कथेला कामी आला.

'हल्क'चं कार्ड आता पक्क्या गोंदाने चिकटवलंय. वाद पुढच्या कार्डावर सरकलाय: 'हल्क'मधलाच जनरल रॉस. विल्यम हर्ट गेले, हॅरिसन फोर्ड आले. चेहरा बदलल्याचा खुलासा गोष्टीत हवा, की नको?