केसभर फरक

(दृश्य: तळघरातलं टेबल, एकच दिवा, पितळेच्या रिकाम्या पुंगळ्यांची रांग.)

आज रात्री या टेबलावर वीस काडतुसं तयार होणार आहेत. फक्त वीस. दुकानातून आणली असती. पण दुकानदार आधी काडतुसाचं नावच दोनदा विचारतो. पॉइंट टू-टू सॅव्हेज हाय-पॉवर.

१९१२ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाच्या सॅव्हेज कंपनीनं हे काडतूस बाजारात आणलं. आखणारा चार्ल्स न्यूटन, पेशानं वकील. त्यानं पॉइंट टू-फाइव्ह थर्टी-फाइव्ह या काडतुसाची पुंगळी घेतली, तिचं तोंड आवळलं आणि त्यात सत्तर ग्रेनची गोळी बसवली. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. म्हणजे गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची, पण वेग सेकंदाला सुमारे साडेआठशे मीटर. त्या काळात हा वेग डोळे दिपवणारा होता. लोकांनी नाव ठेवलं 'इम्प', म्हणजे खोडकर कारटं.

(दृश्य: हेच काडतूस डागणारी सॅव्हेज नाइन्टी-नाइन रायफल. खालचा लिव्हर पुढे जातो, मागे येतो.)

कारट्याला डोक्यावर चढवून ठेवलं गेलं. चीनच्या फुजिआन प्रांतातले अमेरिकन मिशनरी हॅरी कॉल्डवेल यांनी याच इवल्या गोळीनं वाघ मारले. ती हकीकत ऐकून मोठ्या जनावरांमागे ही रायफल घेऊन निघणारे सगळेच कॉल्डवेल नव्हते. गोळी हलकी, नेम जरा चुकला की जनावर जखमी होऊन निसटायचं. शिकाऱ्यांचं मन हळूहळू विटलं. त्यात न्यूटननंच आखलेलं, जास्त जड गोळीचं टू-फिफ्टी थ्री थाउजंड हे काडतूस १९१५ साली आलं. धाकट्या भावानं थोरल्याचा बाजार उठवला. युरोपात मात्र इम्प ५.६ गुणिले ५२ आर या नावानं तगून राहिलं.

आता या टेबलावरची खरी अडचण. आजच्या बहुतेक बावीस कॅलिबरच्या (म्हणजे नळीचं तोंड सुमारे ०.२२ इंचाचं) सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगीची टोपी असणाऱ्या, रायफलींची गोळी ०.२२४ इंच जाडीची असते. इम्पची ०.२२८. फरक इंचाच्या हजार भागांतले चार, म्हणजे एक दशांश मिलिमीटर. केसभरच. पण बारीक गोळी या नळीत घातली, तर आतले चर तिला नीट पकडत नाहीत. वायू बाजूनं निसटतो आणि नेम कुठच्या कुठे जातो. त्यामुळे बरणीभर स्वस्त गोळ्या शेजारी असूनही त्यांचा इथे उपयोग नाही. योग्य जाडीच्या गोळ्या शोधायच्या, मिळतील तेव्हा घेऊन ठेवायच्या. आमच्या आजीचा साबुदाण्याचा डबाही असाच भरलेला असे: लागो न लागो, मिळाला की घेतला.

(दृश्य: हातदाबाचं यंत्र. दांडा खाली, दांडा वर.)

डागलेल्या पुंगळीतली जुनी टोपी, म्हणजे प्रायमर, आधी बाहेर काढतात. स्फोटानं फुगलेलं पितळ साच्यातून दाबून पुन्हा मापात आणतात. पुंगळ्याच नसतील, तर त्याच कुळातल्या थर्टी-थर्टी या काडतुसाच्या पुंगळीचं तोंड टप्प्याटप्प्यानं आवळतात. घाई केली की पितळाला सुरकुती पडते, चीर जाते. मग नवी टोपी, दारू, वर गोळी. दारू डोळ्यांच्या अंदाजानं कधीच नाही. छापील कोष्टक उघडं, तराजू समोर, आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दोन डबे उघडे ठेवणाऱ्याशी या टेबलावर काम करणारा माणूस वाद घालत बसत नाही, तो खोलीतून निघून जातो.

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा बनवायला परवाना हवा. मराठी माणसाच्या ओळखीचं काडतूस येतं ते पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून. तो १८६९ सालचा.

(दृश्य: जाडी मोजणाऱ्या कॅलिपरच्या जबड्यात गोळी.)

विसावी गोळी. माप ०.२२८. ती पुंगळीत बसते, काडतूस डब्यात जातं. झाकणावर पेन्सिलीनं तारीख, दारूचं नाव, वजन. त्याखाली ठळक अक्षरांत: फक्त याच रायफलसाठी.

(दृश्य: दिवा बंद होतो.)