डोळा कुठल्या बाजूला सरकलाय, ते आधी बघा

नमस्कार मंडळी. घरात कुणाचा एक डोळा मोठा दिसायला लागला असेल, तर आधी एक करा. त्यांना खुर्चीवर बसवा, मागं उभं राहा, मान जरा मागं झुकवा आणि कपाळावरून खाली बघा. कुठला डोळा पुढं आलाय, ते कळतं. दोन्हींत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर तो तपासायलाच हवा.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. पेशंट विचारतात, "डोळ्याच्या डॉक्टरांनी नाकवाल्याकडं का हो पाठवलं?" बरोबर आहे प्रश्न. डोळ्याच्या हाडाच्या खोबणीत जागा जेमतेम ३० मिलिलिटर. भोवती सायनस, म्हणजे नाकाला जोडलेल्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या: वर कपाळाचा सायनस, खाली गालाचा, नाकाच्या अंगाला एथमॉइड सायनस. एथमॉइड आणि डोळा यांच्यामधलं हाड कांद्याच्या पापुद्र्यागत पातळ. खोबण उघडी फक्त पुढून, म्हणून मागं काही वाढलं की डोळा पुढं येतो. आणि बाजूनं वाढलं, तर उलट्या दिशेला सरकतो.

कपाळाच्या सायनसचं तोंड बंद झालं, की आत चिकट पाणी साठत राहतं. याला म्युकोसील म्हणतात. जुना अपघात, कधीतरी झालेलं ऑपरेशन, अशी कारणं सापडतात. वर्षानुवर्षं हाड झिजतं, बहुतेकदा दुखतही नाही. डोळा मात्र खाली आणि कानाच्या बाजूला ढकलला जातो. यावर औषधाच्या गोळ्या पुरत नाहीत. नाकातून दुर्बिणीनं वाट मोकळी करावी लागते. ती झाली की बहुतेकांचा डोळा हळूहळू जागेवर येतो. पण डोळा वर सरकलाय, त्याच बाजूच्या नाकातून रक्त येतंय, वरचे दात हलताहेत, तर गालाच्या सायनसमधली गाठ असू शकते. तिथं तुकडा काढून तपासायला अजिबात उशीर नको.

आता पोरांचं. याच्यासाठीच खरं तर हा व्हिडिओ केलाय. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडं पोरांच्या नाकाला धार लागलेलीच असते. सर्दीनंतर ताप येतो, एक पापणी लाल होऊन सुजते, आणि घरचे म्हणतात, डोळे आले. मेडिकलमधून ड्रॉप आणतात, कुणी लेप लावतं. तसं करू नका. पापणी हलक्या हातानं उघडा. पोरगं डोळा चारी बाजूंना फिरवतंय का? नीट दिसतंय का? मग घरातला कुंकवाचा करंडा समोर धरा, एकेक डोळा झाकून विचारा, लाल रंग दोन्हीकडून सारखाच का? दुखऱ्या डोळ्याला तो फिका दिसला, तर दृष्टीच्या नसेवर दाब आलाय असं समजा. डोळा पुढं आलाय, फिरवताना दुखतंय किंवा फिरतच नाही, तर रात्र काढायची नाही. ॲडमिशन, शिरेतून अँटिबायोटिक, सीटी स्कॅन. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा नजर कमी व्हायला लागली, तर सायनसमधून डोळ्यामागं उतरलेला पू काढावा लागतो. हाच पू मेंदूकडं गेला तर जीवावर बेततं. आणि ताप नसताना पोराचा डोळा आठवड्या-दोन आठवड्यांत पुढं आला, तर तेही तातडीचंच. कॅन्सरची गाठ अशी वाढते.

साखर असलेल्यांना सांगतो, २०२१ मधली काळी बुरशी आठवा. गाल बधिर, नाकात काळी खपली, डोळा फिरेना, अशी चिन्हं दिसली की त्याच दिवशी या. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू करून मेलेला भाग काढावा लागतो. तोवर कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका.

मोठ्या माणसांत डोळा पुढं येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र थायरॉइड. एका बाजूलाही होतं, दोन्हीकडंही. आमच्या निपाणी भागात तंबाखूवर किती घरं चालतात ते मला माहीत आहे, तरी बोलतो: थायरॉइडचा डोळा असलेल्यानं बिडी-सिगारेट आजच सोडावी, धुरानं हा आजार बळावतो आणि औषधाचा गुणही कमी येतो. आजार जोरात असताना शिरेतून स्टेरॉइड देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. नस दबत असेल, तर मधलं तेच पातळ हाड काढून डोळ्याला सायनसमध्ये जागा करून देतात.

रात्री गावाहून बेळगावला निघताना आधी दवाखान्यात फोन करा. सीटी स्कॅन आत्ता होईल का, डोळ्याचे आणि नाकाचे दोघंही डॉक्टर येतील का, एवढं विचारा. नाही म्हणाले, तर तिथं वेळ न घालवता सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा.