बाबांच्या फुल्या आणि तीन मिनिटं

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘मेटाबॉलिक सिंड्रोम आणि इंटरव्हल व्यायाम’ असा छापलाय. इंटरव्हल म्हटलं की आपल्याला थिएटरातला समोसा आठवतो, तेव्हा तो शब्द जरा बाजूला ठेवते. आधी बाबांची गोष्ट सांगते. त्याशिवाय पुढचं पोचणार नाही.

बाबा अकरा वर्षं रोज सकाळी नेहरू पार्कात फिरायला जायचे. बरोबर चार मित्र. परत आले की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, त्या तारखेला एक छोटी फुली. मावठा पडला तरी छत्री घेऊन फुली. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आहे, मी पाहिलीय. घोळका मात्र गप्पांच्या चालीनं चालायचा. कुणी थांबून मुद्दा मांडला की सगळे थांबायचे. शेवट पोहे-जलेबीवर, वरून शेव, जिरावण मसाला. (हसू.) हसा, पण माझं पोह्यांशी काही भांडण नाही. इंदुरात राहून पोह्यांविरुद्ध बोलायला मी वेडी नाही.

अकराव्या वर्षी बाबांची साखर वाढली, रक्तदाब वाढला, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढली. एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मान वर न करता म्हणाले, “फिरत नसाल तुम्ही. फिरत जा.” बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या तपासणीला निघताना मात्र त्यांनी माळ्यावरून जुनी कालनिर्णयं काढली, सुतळीनं बांधली आणि पिशवीत घातली. दवाखान्यात ती पिशवी उघडलीच नाही. चार मिनिटांत नंबर संपला. मांडीवर पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेला माझा बाप मला आजही दिसतो. तेव्हा मीही शिकाऊ डॉक्टर होते, आणि त्याआधीच्या आठवड्यात पंधरा पेशंटना तेच वाक्य सांगून आले होते. फिरत जा.

माझी तक्रार हीच आहे, आणि गेली तीस वर्षं मी ती करत आलेय. गोळी लिहिताना आम्ही मिलिग्रॅम लिहितो, जेवणाआधी की नंतर ते लिहितो. व्यायाम लिहिताना दोन शब्द. वेग किती, किती वेळ, मध्ये विसावा केव्हा, काही नाही. आणि गुण आला नाही की दोष पेशंटचा. बाबांच्या फुल्या खऱ्या होत्या. त्यांना वेग कुणी सांगितलाच नव्हता.

आता खो-खो. शाळेत मी आमच्या संघात होते. इथे माझ्या वयाच्या किती जणी खेळल्यात? बघा, निम्म्या! मधल्या पाटीवर आठ जणी उकिडव्या, नववी पाठलागावर. जीव तोडून धावायचं, खो द्यायचा, बसायचं, श्वास खाली येतो न येतो तोच पाठीवर पुन्हा थाप. थोडं जोरात, थोडा विसावा, पुन्हा जोरात. इंटरव्हल व्यायाम तो हाच. एरवी दोन मिनिटांत दमणारं शरीर मध्ये विसावा मिळाला की तेवढंच जोराचं काम तुकड्यातुकड्यांनी कितीतरी जास्त करतं. आमचे सर आम्हाला… हं, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग भराभर.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे या पाचांपैकी निदान तीन गोष्टी एकत्र. कमरेचा घेर आपल्याकडे पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० किंवा त्याहून जास्त. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली असते. ट्रायग्लिसराइड १५० पासून वर. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ पासून वर. उपाशीपोटी साखर १०० पासून वर. आणि ‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

२००८ मध्ये नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये हा सिंड्रोम असलेल्या ३२ जणांवर प्रयोग झाला. एक गट ट्रेडमिलवर सलग मध्यम वेगानं. दुसरा चार मिनिटं खूप जोरात, तीन मिनिटं हळू, असं चारदा. दोघांची खर्च होणारी ऊर्जा सारखीच ठेवली होती. आठवड्यातून तीनदा, सोळा आठवडे. वजन दोन्ही गटांत थोडंच आणि जवळपास सारखंच उतरलं. पण शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सलगवाल्यांची १६ टक्के वाढली, टप्पेवाल्यांची ३५. प्रयोग लहान आहे, हे मी लपवत नाही. पण काट्याकडे बघून निराश होणाऱ्यांनी हे ऐकावं.

कारण असं की जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त स्नायू उचलतात. जोर लावला की एरवी झोपून राहणारे स्नायूतंतूही कामाला लागतात, साठवलेली साखर रिकामी होते आणि स्नायू रक्तातली साखर आत ओढतो, त्या वेळी इन्सुलिनची वाट न बघता.

धावायची गरज नाही. जपानात मात्सुमोतोला साठीतल्या लोकांनी हे चालूनच केलं. तीन मिनिटं झपाट्यानं, तीन मिनिटं सावकाश, असे पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस, पाच महिने. मांड्यांत ताकद आली, रक्तदाब सलग चालणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला. जोर ओळखायचा कसा? सावकाश टप्प्यात सुनेचं सगळं गाऱ्हाणं सांगता आलं पाहिजे, जोराच्या टप्प्यात फक्त ‘हो’ आणि ‘मग?’. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ ठेवणारी रक्तदाबाची-हृदयाची गोळी, घेणाऱ्यांनी नाडी मोजू नये, ती पुरेशी वाढत नाही. श्वासावर जा.

आणि हे नीट ऐका. छातीत दाब येतो, चढावर गुदमरतं, किंवा हृदयाचा जुना त्रास आहे, त्यांनी आधी तपासणी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात खडीसाखर. सुरुवात दोन फेऱ्यांनी, तीही एक-एक मिनिटाची चालेल.

बाबांनी अडुसष्टाव्या वर्षी सुरू केलं. मित्रांना सांगितलं, तीन मिनिटं मी पुढे, मग तुमच्यात. त्या वर्षीच्या कालनिर्णयवर फुल्यांशेजारी आकडे आहेत. आधी २, मग ३, दिवाळीपर्यंत ५. संक्रांतीच्या आठवड्यात परत २, गुडघा दुखत होता. पुढच्या सोमवारी ४.